एका बैठकीतली वही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, त्याच दिवशी, याच वेळेला. सबबी नकोत.

वही नवी घ्यायची गरज नाही. अकरा वर्षांपूर्वी माझ्या अभ्यासासाठी तीनशे निळ्या वह्या छापून घेतल्या होत्या. आतड्याला सूज असलेल्या रुग्णांनी रोज भरायच्या. रुग्ण चौऱ्याण्णवच मिळाले. उरलेल्या वह्या कपाटात आहेत. प्रत्येक पानावर तीन चौकटी. वेळा: म्हणजे दिवसातून कितीदा जावं लागलं. रक्त: आहे किंवा नाही. कळ: शून्य ते पाच.

मला आतड्याचा काही त्रास नाही. पण चौकट रिकामी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. 'वेळा'मध्ये मी माझ्या पेपरचा त्या दिवशी जगात कितीदा उल्लेख झाला ते लिहीन.

वेळा: ०. रक्त: नाही. कळ: ०.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.३०

सिस्टरने पेपर छापलाय.

सिस्टर म्हणजे माझ्या अभ्यासातली नर्स. वह्या वाटायच्या, गोळा करायच्या, हे तिचं काम. नंतर नोकरी सांभाळून शिकली, डॉक्टरेट केली. आता समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर स्वतःची खोली, दारावर नाव, खिडकीत कुंडी. सगळे तिला डॉक्टर म्हणतात. मी सिस्टरच म्हणतो. सवय.

पेपरचा विषय: रुग्ण वही रोज भरत नाहीत. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या गाडीतळावर बसून अर्ध्या तासात महिनाभराच्या नोंदी करतात. आणि अशी वही अक्षरावरून ओळखायची कशी. साडेचारशे वह्या तपासल्या म्हणे. मोठ्या नियतकालिकात आलाय. सकाळपासून तिघांनी मला पाठवला. तिघांनीही वर 'वाचलात का सर?' असं लिहिलंय.

वाचला. संदर्भ बासष्ट. माझं नाव कुठेही नाही. दोनदा बघितलं, एकदा शेवटाकडून.

वेळा: ०. कळ: ०. मला काही वाटत नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी ३.००

बघून घेईन.

५ फेब्रुवारी, बुधवार

शांतपणे मुद्दे मांडतो.

एक. या विषयावर पहिला पेपर माझा. लेखक एकच: मी. कुणाची मदत घेतली नाही. शेवटी 'परिचारिका वर्गाचे आभार' असंही घातलंय. इतकं मोठं मन कोण दाखवतं?

दोन. माझा निष्कर्ष होता की सत्त्याण्णव टक्के रुग्ण वही रोजच्या रोज भरतात. तिचा निष्कर्ष वरवर पाहता उलट आहे. पण माझ्या पेपरचं आठवं पान बघावं. 'अभ्यासाच्या मर्यादा' या भागात, तळाशी: 'एखाद्या रुग्णाने एखादी नोंद उशिरा केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे झालं बी. तिचा सगळा पेपर म्हणजे या एका वाक्याला पाणी घालून वाढवलेलं झाड.

तीन. गाडीतळाची गोष्ट तर मीच तिला सांगितली होती. मला स्वच्छ आठवतं. एप्रिल महिना, अकरा वर्षांपूर्वी, मी खिडकीत उभा, ती मागे वह्यांचा गठ्ठा घेऊन. मी म्हणालो, सिस्टर, बघा, खाली बसून भरतायत. ती म्हणाली, अय्या, खरंच की.

चार. प्राध्यापकपदाचा अर्ज १५ एप्रिलपर्यंत द्यायचाय. सोळा वर्षं मी सहयोगी आहे. सहयोग करून करून कंबर मोडली. पदासाठी पन्नास उल्लेख लागतात. ती एकटी सरळ वागली असती तर एक वाढला असता. आणि ज्या पेपरचा ती उल्लेख करते, त्याचा मग सगळेच करतात. मेंढरं.

म्हणजे तिने मला एका उल्लेखाला नव्हे, प्राध्यापकपदाला मुकवलंय. वचपा काढणार.

वेळा: ०. कळ: ०.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संपादकाला पत्र लिहिलं. शब्दमर्यादा चारशे. माझं पत्र एकतीसशे शब्दांचं झालं. कापण्यासारखं एक वाक्य सापडेना. तसंच पाठवलं. सत्य मोजून मापून येत नाही.

७ फेब्रुवारी, अकरा मिनिटांनी

उत्तर आलं. यंत्राने पाठवलेलं. शब्दमर्यादा चारशे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवे निश्चय:
यापुढे तिच्या एकाही पेपरचा उल्लेख करणार नाही. तिचे एकोणीसशे उल्लेख आहेत. कळेल तिला.
लिफ्टमध्ये भेटली तर ओळख दाखवायची नाही.

दुपारी लिफ्टमध्ये भेटली. दार बंद होत होतं, मी धावत येताना पाहून तिने हात घालून अडवलं. म्हणाली, या सर, कसे आहात? मी सवयीने म्हणालो, छान, तुम्ही? आणि वर 'थँक यू' सुद्धा. दुसऱ्या मजल्यावर आठवलं, की बोलायचं नव्हतं. तिसऱ्यापर्यंत कडक चेहरा करून उभा राहिलो. तिने विचारलं, सर, पोटात दुखतंय का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाईंना आम्ही सगळे 'शू' म्हणतो, कारण त्या तेवढंच बोलतात. आज मात्र बोलल्या. माझ्या उल्लेखांची छापील यादी काढून दिली.

एकूण एकेचाळीस.

पैकी सव्वीस माझे मीच केलेले. यात गैर काही नाही. माझं काम माझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही.

अकरा माझ्या मेव्हण्याचे. तो जनावरांचा डॉक्टर आहे. वासरांच्या जुलाबांवर लिहितो. प्रत्येक पेपरात मला घालतो, भला माणूस. पण वासरं वही भरत नाहीत, असं शू म्हणाल्या. मी त्यांना शू केलं.

तीन उल्लेखांची सुरुवात 'याच्या अगदी उलट' अशी आहे.

एक कुठल्याशा भाषेत आहे, मला वाचता येत नाही. पण पुढे उद्गारचिन्ह आहे. म्हणजे कौतुकच.

नऊ कमी पडतात. मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, भावजी, एवढ्यात नऊ पेपर कुठून आणू, एवढी वासरंच आजारी नाहीत. आपलीच माणसं वेळेला उपयोगी पडत नाहीत ती अशी.

वेळा: ०. कळ: ०.

१८ ते २४ फेब्रुवारी

एकदमच लिहितो. कामात होतो. सातही दिवस नीट आठवतात.
वेळा: ०, ०, ०, ०, ०, ०, ०. कळ: ०, तसंच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विभागप्रमुखांकडे गेलो. कशालाही 'बघू' म्हणतात, म्हणून आमचे बघूसाहेब. सिस्टरने माझी कल्पना चोरली, हे पाऊण तास समजावून सांगितलं. ते म्हणाले, तुमचा निष्कर्ष तर तिच्या उलट आहे ना? मी म्हणालो, साहेब, चोर नेहमी माल उलटा करूनच विकतो. ते म्हणाले, पुरावा आहे का? मी म्हणालो, आहे, त्या काळातली माझी रोजनिशी. ते म्हणाले, बघू.

रोजनिशीचं तोंडातून निघून गेलं. पण खोटं नाही. त्या वर्षीही मी याच निळ्या वहीत रोजनिशी लिहायचो. त्यात गाडीतळाची नोंद असणारच. खाई त्याला खवखवे. आता तिला खवखवायला लावतो.

१ मार्च, शनिवार

जुनी वही सापडली. बुटांच्या खोक्यात, एप्रिल ते जून. मी त्या काळी रोज लिहायचो असं मला वाटत होतं. सगळी मिळून बारा-तेरा पानं भरलीयत, बाकी कोरी.

भरलेली पानं वाचत बसलो नाही. ती मीच लिहिलीयत, मला माहीत आहेत. एप्रिलची पानं चाळली. मला जे आठवतं त्याची नोंद तिथे नाही. ७ एप्रिल कोरं. ९ कोरं. १४ कोरं.

म्हणजे लिहायचं राहून गेलं. पण लिहायचं राहिलं म्हणून घडलेलं खोटं होत नाही.

३ मार्च, सोमवार

विचार केला. रुग्णाची केसपेपरवरची नोंद अपुरी असेल तर आपण आठवणीने पूर्ण करतो की नाही? करतो. डॉक्टरी शिस्तच आहे ती.

वही त्याच काळातली. कागद त्याच काळातला. माणूस तोच. शास्त्रीयदृष्ट्या बोट ठेवायला जागा नाही.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.००

चौदा नोंदी पूर्ण केल्या. दोन तास लागले. हात भरून आला.

काळजी घेतली. दोन पेनं वापरली. एक नोंद निळी, पुढची काळी, मग निळी, मग काळी. कुणाला शंका येऊ नये म्हणून एकदाही चुकलो नाही. वही वापरातली दिसावी म्हणून कप ठेवून चहाचा गोल डाग पाडला. जरा जास्त झिरपला, पाच पानं खाली गेला. उत्तमच.

प्रत्येक पानावर वरच्या चौकटीही भरल्या. अर्धवट काम मला जमत नाही.

ही समोरच गणिताच्या उत्तरपत्रिका तपासत होती. शाळेत शिकवते. विचारलं, काय लिहिताय एवढं? मी म्हणालो, जुन्या नोंदी पूर्ण करतोय. ती म्हणाली, आमच्या वर्गात याला गृहपाठ म्हणतात, सोमवार ते शनिवारचा, रविवारी बसून. मी म्हणालो, हे वेगळं आहे. ती म्हणाली, पोरंही तेच म्हणतात.

मग म्हणाली, त्या बाईने तुमचं काय वाईट केलंय हो? मी म्हणालो, बासष्ट संदर्भ आहेत तिच्या पेपरात, बासष्ट, आणि त्यात मी नाही. ती म्हणाली, बासष्ट माणसं तर माझ्या माहेरच्या लग्नालाही नव्हती, तेव्हाही तुम्ही रुसलाच होता.

बायकांना संशोधन कळत नाही. एक सोडून. तिलाही मीच शिकवलं.

१० मार्च, सोमवार

आज त्या नोंदी वाचल्या. काय लिहिलंय! '७ एप्रिल. खिडकीतून पाहताना लक्षात आलं की रुग्ण गाडीतळावर वह्या भरतात. यावर स्वतंत्र अभ्यास व्हावा. सिस्टरला सांगितलं. तिला पटलं नाही.' वाचताना अंगावर काटा आला. अकरा वर्षांपूर्वी मी किती पुढचं बघत होतो.

१८ मार्च, मंगळवार

संशोधन नीतिसमितीकडे तक्रार दिली. सोबत पुरावा, निळी वही, मूळ प्रत. चिटणीसांनी पावती दिली. पावतीवर 'वही, एक, डाग असलेली' असं लिहिलं.

खिडकीतून समोर पाहिलं. सिस्टर कुंडीला पाणी घालत होती. घाल म्हटलं, आता थोडेच दिवस.

वेळा: ०. कळ: ०. मन हलकं.

२७ मार्च, गुरुवार

चिटणीसांचा फोन. नियमाप्रमाणे पुरावा समोरच्या पक्षाला पाहायला द्यावा लागतो. सिस्टरने मूळ वही दोन तास मागितलीय, ग्रंथालयात, शूंच्या देखरेखीखाली. तुमची हरकत आहे का?

मी म्हणालो, दोन कशाला, चार तास द्या. पान अन् पान वाचू दे तिला. प्रत्येक पानाला हात थरथरला पाहिजे तिचा.

चिटणीस म्हणाले, उदार आहात.

२८ मार्च, शुक्रवार

शूंकडून कळलं. सिस्टर पूर्ण चार तास बसली होती. भिंग आणलं होतं, आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्या. मधे एकदा पुस्तक बंद करावं तशी वही बंद करून बराच वेळ नुसती बसली, असं शू म्हणाल्या.

घाबरली.

आज एक बारीकशी गोष्ट डोक्यात आली. तिचा सगळा पेपर मागाहून भरलेल्या वह्या ओळखण्यावर आहे. पण ते रुग्णांच्या वह्यांसाठी. मी रुग्ण नाही.

२ एप्रिल, बुधवार

जिन्यात सिस्टर भेटली. म्हणाली, सर, ती वही दिलीत ते बरं केलंत. मी रेटून पुढे गेलो, दोन पायऱ्या एकदम, आणि घोटा मुरगळला. तिने रेलिंगपर्यंत धरून नेलं. बर्फ लावा म्हणाली.

सुडाच्या वाटेवर शत्रूची मदत घ्यावी लागली की सूड दुप्पट करायचा. हे आजचं वचन.

कळ: घोट्याला ३. पण चौकट पोटाची आहे. म्हणून ०.

९ एप्रिल, बुधवार

उद्या सुनावणी. भाषण पाठ केलं. हिला म्हणून दाखवलं. शेवटी आवाज चढवून 'न्याय!' असं म्हणायचंय. ही म्हणाली, कोट घालून जा आणि थोडंच बोला. मी म्हणालो, उद्या ती बाई मान खाली घालून माझी माफी मागेल. ही उत्तरपत्रिकेवरून मान वर न करता म्हणाली, आणि मग तुम्ही काय कराल? मान खाली घातलेली दिसली, त्यापुढचं मी कधी बघितलंच नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी २.४५

सुनावणी झाली. क्रमाने लिहितो.

समितीत तिघं. हाडांचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि एक वकीलबाई. मी भाषण केलं. 'न्याय' म्हणताना खोकला आला. पाणी दिलं.

मग सिस्टर उठली. वही हातात, वहीतून पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. म्हणाली, मला सरांवर आरोप करायचा नाही, फक्त वहीबद्दल सांगते, ते माझं काम आहे.

पहिली चिठ्ठी. चौदा नोंदी, एक निळी एक काळी, निळी काळी. म्हणाली, माणूस पेन बदलतो तो हाताला लागेल तसा. इतक्या शिस्तीत कुणी बदलत नाही.

दुसरी चिठ्ठी. ७ एप्रिलचं अक्षर ताठ आहे. २१ जूनपर्यंत ते आडवं पडत गेलंय. मधली मूळ पानं मात्र जशीच्या तशी, कधी ताठ कधी वाकडी. म्हणाली, माणूस अडीच महिन्यांत असा ओळीने थकत नाही, अडीच तासांत थकतो. मी म्हणालो, दोनच तास.

तिसरी. चहाचा डाग शाईच्या वर आहे, आणि पाचही पानांवर एकाच जागी, म्हणजे चहा सांडला तेव्हा पाचही पानं लिहून झाली होती.

चौथी. इथे ती थोडी थांबली. म्हणाली, प्रत्येक नोंदीवर सरांनी 'वेळा' या चौकटीत 'उल्लेख: ०' असं लिहिलंय. पण सरांचा पेपर त्यानंतरच्या वर्षी छापून आला. तेव्हा उल्लेख कशाचे मोजत होते?

दातांचे डॉक्टर दात दाखवून हसले. वकीलबाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, पुढचा अंदाज घेऊन लिहिलं असेल. त्या म्हणाल्या, शून्याचा अंदाज? मी म्हणालो, हो, आणि तो बरोबरही ठरला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पण इथे ती थांबली असती तर बरं. म्हणाली, आता एक खरं पान वाचते. २२ मे. या पानावर मधेच पेन संपलंय आणि उरलेलं पेन्सिलीने लिहिलंय, हे नाटक कुणी करत नाही. मग वाचलं. माझ्या अक्षरातलं, मला मुळीच न आठवणारं. तिने ठेवलेली झेरॉक्स माझ्यासमोर आहे, उतरवून घेतो:

'सिस्टर म्हणते, बहुतेक सगळे गाडीतळावर बसून वह्या भरतात. तिने तीन गुरुवार खिडकीतून मोजले. खरी वही एकच म्हणते, सतरा नंबरची. तो पोस्टमन रोज भरतो. पण त्याने चौकटीबाहेर लिहिलंय, टपाल वाटताना वाटेत कुठल्या दुकानात संडासला जाऊ देतात त्याची यादी, समासात नकाशा. सतरा नंबर वगळला, वही खराब. सिस्टरचं म्हणणं मूर्खपणा. सत्त्याण्णव टक्के छान दिसतं.'

हाडांचे डॉक्टर स्वतःच्या बोटांची हाडं मोजत होते.

मग सिस्टर म्हणाली, समितीने नोंद घ्यावी, की ही गोष्ट लेखी पहिल्यांदा सरांनीच नोंदवली. पुढे 'मूर्खपणा' असं लिहिलं, ते वेगळं. मी माझ्या पेपराला दुरुस्ती पाठवते आणि संदर्भात सरांची ही वही घालते, तारखेसकट. सरांची हरकत नसेल तर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, नावाचं स्पेलिंग नीट घाला.

१० एप्रिल, संध्याकाळी ६.१०

हिने दार उघडलं, तोंडाकडे बघितलं आणि उत्तरपत्रिका बाजूला सारून चहा टाकायला गेली. हे तिच्या स्वभावाला धरून नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

निकाल. तक्रार फेटाळली. मला सल्ला: सत्त्याण्णव टक्क्यांचा दावा आपण होऊन दुरुस्त करावा. वहीबद्दल समिती 'खेदपूर्वक मौन' पाळतेय. बघूसाहेबांनी जिन्यात गाठलं आणि म्हणाले, अर्जाचं नंतर बघू. मी म्हणालो, मीच मागे घेतोय, तत्त्व म्हणून. ते म्हणाले, बरं. पहिल्यांदा ते 'बघू' म्हणाले नाहीत.

तरीही हिशेब असा, की एक उल्लेख मिळाला. बासष्टचे त्रेसष्ट झाले आणि त्रेसष्टावा मी. विजय कुठल्या दारातून येईल सांगता येत नाही. शूंना विचारायला गेलो, एकेचाळीसचे बेचाळीस कधी दिसतील. शू म्हणाल्या, न छापलेली वही मोजत नाहीत.

एकेचाळीस.

१२ ते १८ एप्रिल

एकदम भरणार होतो. पेन उघडलं, पहिल्या शून्याला हात थांबला. तसंच राहू दे.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी १०.००

वही परत आली, चिटणीसांच्या पाकिटात. सिस्टरच्या चिठ्ठ्या तशाच आहेत. प्रत्येकीवर बारीक अक्षरात काहीतरी: शाई, झुकाव, डाग. काम चोख आहे बाईचं, नाकारता येत नाही.

दुसरं काही करायला नव्हतं म्हणून भरलेली पानं वाचायला घेतली. आज पहिल्यांदा. बराचसा कंटाळवाणा माणूस होतो मी. जेवण, डोकेदुखी, साहेबांची तक्रार. मेव्हण्याचा अपमान दोन ठिकाणी.

शेवटचं भरलेलं पान ३० जूनचं. एवढंच:

'सगळ्या वह्या जमा. सिस्टरने एकेक घरी जाऊन आणल्या, स्वतःच्या सुट्टीत. तिला शब्द दिलाय, पेपरात दुसरं नाव तिचं. विसरू नये.'

'विसरू नये'खाली दोन रेघा. माझ्याच हाताच्या.

पेपर समोरच फ्रेममध्ये आहे. लेखक एकच.

हे तिने सुनावणीत वाचलं असतं तर माझी नोकरीच गेली असती. वाचलं नाही. म्हणजे बहुतेक ती या पानापर्यंत पोचलीच नसावी. चार तासांत सगळंच कोण वाचतं. शेवटची पानं घाईत उलटली असतील.

असं लिहिलं आणि पान मिटायला गेलो. पानाच्या कडेला पिवळी चिठ्ठी आहे. इतरांसारखीच, नीट सरळ लावलेली. उलटून पाहिली. दोन्ही बाजूंनी पाहिली.

कोरी.

समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खिडकी उघडी आहे. शनिवार असून आलीय. मी पडदा ओढला.

वेळा: ०. रक्त: नाही. कळ: ५.